ढकल एकदाच, तीही प्लेटवरूनच

फास्टपिच सॉफ्टबॉलचा सामना बघताना सगळ्यांचे डोळे पिचरच्या हातावर खिळलेले असतात. इल्लीगल म्हणजे नियमबाह्य पिच मात्र बहुतेक वेळा पायाने होते. महाराष्ट्रात शालेय सॉफ्टबॉल जिल्ह्यापासून राज्यापर्यंत खेळला जातो आणि मुली तो मन लावून खेळतात. तरीही सरावात वेळ जातो तो चेंडू धरण्याची पकड, मनगटाचा झटका, ड्रॉप आणि चेंज-अप यांवर. पायांची पाळी शेवटी येते आणि कित्येकदा येतच नाही. मग एखाद्या मोठ्या स्पर्धेत अंपायरचा डावा हात मूठ वळून बाजूला ताठ होतो. मुलगी गोंधळते, प्रशिक्षक वाद घालायला धावतात आणि नियम नेमका काय सांगतो हे त्या गडबडीत कोणालाच नीट आठवत नाही. क्रीडाशिक्षक, पालक आणि नव्याने पंचगिरी करू लागलेले तरुण यांच्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की पिचिंगच्या पायांबद्दलचे नियम वरवर किचकट दिसले तरी त्यांचा गाभा एक आहे. पिचरने फलंदाजाच्या दिशेने स्वतःला एकदाच ढकलायचे आणि ती ढकल पिचिंग प्लेटवरूनच द्यायची. हे एकदा नीट समजले की काय शिकवायचे, काय तपासायचे आणि काय सोडून द्यायचे हे आपोआप ठरते.

आधी मूळ रचना पाहू. पिचिंग प्लेट 24 इंच लांब आणि 6 इंच रुंद असते. तिच्याभोवती 8 फूट त्रिज्येचे वर्तुळ आखलेले असते. आंतरराष्ट्रीय महिला सामन्यांत ती होम प्लेटपासून 43 फुटांवर असते, पुरुषांच्या सामन्यांत 46 फुटांवर. उजव्या हाताने पिच करणाऱ्या मुलीचा उजवा पाय हा पिव्हट पाय. तो प्लेटवर असतो, तिथून ढकल देतो आणि डावा पाय स्ट्राइड घेऊन पुढे जातो. स्ट्राइड चालू असताना पिव्हट पायाने प्लेट सोडून बोटांच्या टोकावर जमिनीवरून घासत मागोमाग यायचे, याला ड्रॅग म्हणतात. मुलींच्या खेळात वर्षानुवर्षे हीच एकमेव कायदेशीर पद्धत होती. तिच्यापासून ढळण्याच्या वाटा दोन. प्लेटवरून ढकल देताना दोन्ही पाय हवेत गेले तर ती लीप. पिव्हट पाय प्लेट सोडून पुढे आला, डावा पाय टेकण्याआधीच अंगाचे वजन घेऊन जमिनीत रोवला गेला आणि त्या नव्या जागेवरून त्याने पुन्हा ढकल दिली तर तो क्रो-हॉप. खेळाडू आणि पालक या दोन्ही गोष्टींची सर्रास गल्लत करतात. लांब उडी आणि तिहेरी उडी यांत जो फरक आहे तोच इथे आहे. लांब उडीत फळीवरून एकदाच उड्डाण होते, तर तिहेरी उडीत मधे टेकलेला पाय पुढच्या उड्डाणाचा आधार बनतो. लीपमध्ये पाय हवेत असतो, पण ढकल एकच असते. क्रो-हॉपमध्ये ढकली दोन असतात आणि दुसरी प्लेटच्या बरीच पुढून दिलेली असते.

नियमाचा आक्षेप दुसऱ्या ढकलीला का आहे, हे थोड्या हिशेबाने कळते. ताशी 80 किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला साधारण 73 फूट जातो. हातातून सुटेपर्यंत पिचरचे शरीर पुढे आलेले असते. चेंडू प्लेटच्या 6 फूट पुढे सुटला असे धरले तर फलंदाजाला मिळतात 37 फूट, म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. आता समजा, मधेच पाय रोवून तिने स्वतःला आणखी 2 फूट पुढे आणले. चेंडूचा वेग तोच राहिला तरी त्याला 35 फूटच जायचे आहे आणि फलंदाजाला तो चेंडू ताशी 85 किलोमीटरच्या जवळपास आल्यासारखा वाटेल. शिवाय दुसऱ्या ढकलीतून मिळालेला जोर वेगळाच. तिसरी गोष्ट अंकांत मांडता येत नाही, पण फलंदाजाला ती सर्वांत जास्त छळते. चांगली फलंदाज पिचरच्या पायाच्या लयीवर आपली हालचाल सुरू करते. पिचर मधेच थबकून पुन्हा निघाली की ती लय मोडते. 43 फूट हे अंतर पिच आणि फलंदाजी यांचा तोल राखण्यासाठी ठरवलेले आहे. पिच करणारीने ते स्वतःच कमी करून घेतले तर समोरच्या मुलीची सगळी मेहनत वाया जाते.

इथे पहिली हरकत येते आणि ती बिनबुडाची नाही. पुरुषांच्या फास्टपिचमध्ये लीप कित्येक वर्षांपासून चालते. अमेरिकेत शालेय आणि महाविद्यालयीन मुलींच्या नियमांतही 2024 च्या मोसमापासून पिव्हट पाय जमिनीवरून सुटण्याला मुभा मिळाली आहे. मग पाय घासत आणण्याचा आग्रह जुनाट नाही का? माझ्या मते या बदलाने वरच्या युक्तिवादाला बळच मिळाले आहे. सवलत लीपला मिळाली, क्रो-हॉपला नाही. पाय हवेत गेला तर चालेल, पण तो पुन्हा रोवून तिथून नवी ढकल द्यायची नाही, ही अट कायम आहे. बुटाचे टोक जमिनीपासून अर्धा इंच वर आहे की जमिनीला चाटून जात आहे, हे 60 फुटांवरून उघड्या डोळ्यांनी ठरवणे अंपायरवर अन्याय करणारे होते. एकाच पिचरला एका सामन्यात पाच वेळा इल्लीगल दिले जायचे आणि दुसऱ्या सामन्यात एकदाही नाही. जो भेद नजरेला दिसत नाही आणि ज्यातून फारसा फायदाही मिळत नाही, तो नियमातून काढणे शहाणपणाचे आहे. दुसरी ढकल मात्र डोळ्यांना दिसते आणि तिचा फायदाही खरा असतो.

तरीसुद्धा शाळेत शिकणाऱ्या मुलीला पहिल्या दिवसापासून ड्रॅगच शिकवावा, असे मी आग्रहाने म्हणेन. कारण साधे आहे. कोणत्याही नियमपुस्तकात ड्रॅग बेकायदा नाही, लीपबाबत मात्र वय, गट, संघटना आणि साल यांनुसार उत्तर बदलते. जी मुलगी आज जिल्ह्यात खेळते ती उद्या विद्यापीठाच्या संघात आणि परवा कदाचित परदेशातल्या स्पर्धेत खेळेल. दर वेळी पाय बदलत बसणे तिला परवडणारे नाही. शिवाय लीपची कायदेशीर सीमा ओलांडायला फार वेळ लागत नाही. उडी घेतलेल्या पिचरचा पिव्हट पाय डाव्या पायाच्या आधी खाली आला आणि त्याने वजन घेतले की लीपचा क्रो-हॉप झालाच. पुरुषांचे जागतिक सामने मोबाईलवर पाहून मुली त्यांच्या उंच उडीची नक्कल करतात. प्रौढ पुरुष पिचर एवढी झेप घेऊनही पुढच्या पायावर उतरतो, कारण त्याच्या मांड्यांत आणि कमरेत तेवढी ताकद असते. तेरा वर्षांची मुलगी मागच्या पायावर उतरते. नक्कल उडीची होते, उतरणे जमत नाही.

आता तपासायचे कसे? सर्वांत स्वस्त आणि प्रामाणिक साक्षीदार म्हणजे माती. प्लेटसमोरची जागा झाडूने सारखी करा, पाणी शिंपडून हलकी दाबून घ्या आणि मुलीला पूर्ण जोराने एकच पिच करू द्या. प्लेटपासून सुरू होऊन किंचित वळण घेत पुढे गेलेली सलग रेघ उमटली तर तो ड्रॅग. प्लेटनंतर काही अंतर माती कोरी राहिली आणि पुढे रेघ सुरू झाली, पण जागा खणली गेली नाही, तर ती लीप. कोऱ्या जागेनंतर बुटाच्या पुढच्या भागाचा खोल ठसा उमटला असेल आणि त्याच्यामागे माती उडालेली असेल, तर मुलीने तिथून जोर घेतला आहे. माती मागे उडते ती कोणीतरी तिला मागे ढकलले म्हणूनच. मात्र हे जुन्या खड्ड्यावर तपासू नका आणि मुलीला आधी सांगून तर मुळीच तपासू नका. सावध झालेली मुलगी पाय जपून टाकते आणि खरा दोष लपतो. शिवाय हळू पिच करताना क्रो-हॉप सहसा होतच नाही. तो दमल्यावर किंवा तिसऱ्या बेसवर रनर असताना वर येतो. म्हणून सरावाच्या शेवटच्या दहा मिनिटांत तपासा.

मोबाईलचा स्लो-मोशन कॅमेरा दुसरा साक्षीदार. उजव्या हाताच्या पिचरसाठी तो तिसऱ्या बेसच्या बाजूला, घोट्याच्या उंचीवर आणि प्लेटच्या जरा पुढे ठेवावा. उंचावरून घेतलेल्या चित्रणात बूट आणि जमीन यांच्यातली फट दिसत नाही आणि मग त्यावरून निष्कारण वाद होतात. नेहमीच्या चित्रणात सेकंदाला 30 चित्रे मिळतात, म्हणजे दोन चित्रांच्या मधे पाय टेकून उचललेलाही असू शकतो. सेकंदाला 240 चित्रांची सोय असेल तर तीच वापरा. बघायची गोष्ट एकच. डावा पाय टेकतो त्या चित्रावर थांबा आणि त्या क्षणी पिव्हट पायाचे काय चालले आहे ते पाहा. टाच वर, बुटाचा बंदाकडचा भाग खाली झुकलेला आणि गुडघा पुढे सरकत असेल तर तो पाय मागोमाग येतो आहे. तळवा सपाट टेकलेला, गुडघा वाकलेला आणि कमरेचे वजन त्याच्यावर असेल तर तो दुसऱ्या ढकलीच्या तयारीत आहे.

दोष सापडला की बहुतेक ठिकाणी एकच सूचना ऐकू येते, ‘पाय घास, पाय घास.’ तिचा उपयोग क्वचितच होतो, कारण पाय रोवला जाणे हे मूळ दुखणे नसते. शरीर काहीतरी सावरण्यासाठी तो पाय खाली टेकवते, आणि काय सावरते आहे ते शोधावे लागते. सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे पाय हाताच्या पुढे निघून जाणे. विंडमिलमध्ये, म्हणजे हात पूर्ण वर्तुळात फिरवून पिच करताना, हात डोक्यावर पोचण्याच्या सुमारास डावा पाय जमिनीकडे यायला हवा. हात संथ असेल तर शरीर त्याची वाट पाहत मधेच थांबते आणि थांबण्यासाठी मागचा पाय टेकवते. अशा मुलीचे पाय सुधारायचे तर हात जलद करावा लागतो. दुसरे कारण ‘लांब स्टेप घे’ हा आपलाच सल्ला. ताकदीपेक्षा लांब स्ट्राइडचा हट्ट धरला की अंतर भरून काढायला मुलगी दोन टप्पे करते. तिसरे कारण पिव्हट पायाचे वळणे. प्लेटवरून निघताना पाऊल साधारण 45 अंशांत वळले तर ते बोटांवर घसरू शकते. ते पूर्ण आडवे झाले की बुटाची कड किंवा अख्खा तळवा जमिनीत अडकतो. चौथे कारण तर मुलीच्या अंगात नसतेच, ते मैदानात असते. आपल्या बऱ्याच मैदानांवर प्लेटसमोर खोल खड्डा पडलेला असतो. त्या खड्ड्यावरून पाय घसरतो तेव्हा खाली जमीनच नसते आणि खड्ड्याची पुढची कड ढकल द्यायला आयता आधार देते. प्रत्येक सरावानंतर हा खड्डा मातीने भरून ठोकणे हा पिचिंगच्या सरावाचाच भाग समजावा. कित्येक मुलींचा दोष तेवढ्यानेच निम्मा कमी होईल.

सुधारणा शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. आधी डावा पाय टेकलेल्या स्थितीत मुलीला उभी करा आणि हात वरून खाली आणत चेंडू सोडताना मागचा गुडघा पुढच्या गुडघ्याकडे आणायला लावा. हे अंगवळणी पडले की पिव्हट पायाच्या बोटांखाली जुन्या कापडाची घडी ठेवा आणि छोट्या स्ट्राइडने पिच करताना ती घडी बोटांनी ओढत आणायला सांगा. पाय उचलला तर कापड मागे राहते आणि रोवला तर चुरगळून अडकते, त्यामुळे प्रशिक्षकाने काही बोलण्याआधीच मुलीला कळते. मग स्ट्राइड हळूहळू वाढवावी आणि अंतरही. अमेरिकेत 10 वर्षांखालील मुली 35 फुटांवरून आणि 12 वर्षांखालील मुली 40 फुटांवरून पिच करतात. आपल्या सरावात बाराव्या वर्षीच मुलीला थेट 43 फुटांवर उभे करणे म्हणजे क्रो-हॉपला निमंत्रणच. ड्रॅगमुळे बुटाचे टोक महिन्याभरात फाटते आणि मुली बूट वाचवण्यासाठी पाय उचलतात, हेही लक्षात घ्या. टोकावर चामड्याचा जाड तुकडा शिवून घेणे हा फार कमी खर्चाचा उपाय आहे. नव्या बुटांची चिंता असलेल्या घरच्या मुलीसाठी तर तो पहिलाच उपाय असावा.

दुसरी हरकत प्रशिक्षकांकडून येते. पाय बदलले तर वेग कमी होईल आणि स्पर्धा तोंडावर आहे. पहिला भाग खरा आहे. काही आठवडे वेग कमी होतो, नियंत्रणही बिघडते. म्हणूनच हे काम स्पर्धा संपल्यानंतरच्या महिन्यांत करायचे असते, आदल्या आठवड्यात नव्हे. पण जो वेग दुसऱ्या ढकलीतून येतो तो त्या मुलीचा नाहीच, तो फक्त अंपायरने न पाहिल्यामुळे टिकून आहे. स्थानिक सामन्यांत तो खपतो, कारण तिथे मैदानावर बहुधा एकच अंपायर असतो आणि त्याचे डोळे चेंडू व स्ट्राइक झोनवर असतात. राज्य पातळीवर बेसवरही अंपायर असतात आणि पिव्हट पाय बघायला त्यांना सवड असते. म्हणजे जिच्या जोरावर संघ वर गेला तीच मुलगी नेमकी महत्त्वाच्या सामन्यात उघडी पडते. तिथे शिक्षा काय, हे नियमपुस्तकावर अवलंबून आहे. काही पुस्तकांत फलंदाजाला फक्त एक बॉल मिळतो, काहींत त्यासोबत प्रत्येक रनर एक बेस पुढे जातो. दुसऱ्या प्रकारात तिसऱ्या बेसवर रनर असेल तर फटका न मारताच धाव होते. चौदा वर्षांच्या मुलीला त्या धावेचे ओझे घेऊन मैदानाबाहेर यायला लावणे हे मोठ्यांचे अपयश आहे, तिचे नव्हे.

खांद्याचा मुद्दाही इथे येतो आणि त्यात मोजूनमापून बोलायला हवे. अंडरआर्म पिचिंग निसर्गतः सुरक्षित असते, कितीही चेंडू टाकले तरी चालतात, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. विंडमिल पिचिंगवरच्या जैवयांत्रिक अभ्यासांनी 1990 च्या दशकापासून तो खोडून काढला आहे. खांद्याला सांध्यापासून बाहेर ओढणारे बल बेसबॉलच्या पिचरच्या तोडीचे असू शकते, असे त्यांत आढळले. क्रो-हॉपनेच दुखापत होते असा दावा मी यावरून करणार नाही. पण एवढे म्हणता येते की पायांकडून कमरेकडे, कमरेकडून धडाकडे आणि धडाकडून हाताकडे जाणारा जोर मधेच थांबला, तर राहिलेली भर हात आणि खांदा घालतात. मधे टेकणारा पाय हा तसाच थांबा आहे. पाय दुरुस्त करण्याचे हे कारण इल्लीगल पिचच्या शिक्षेहून कमी महत्त्वाचे नाही.

नव्या अंपायरांसाठी थोडेसे. सामन्यापूर्वीच्या सरावाच्या चेंडूंतच पिव्हट पाय पाहून ठेवा आणि तेव्हा हातांकडे बघू नका. पाय हवेत गेला का, या प्रश्नात अडकण्याऐवजी दुसरी ढकल कुठून आली हे विचारा. ती स्पष्ट दिसली तर पहिल्या डावातच द्या. पाच डाव सोडून देऊन सहाव्यात बेसेस भरलेले असताना दिलेला योग्य निर्णयही अन्यायासारखा वाटतो. दिसली नाही तर समोरच्या प्रशिक्षकाने कितीही ओरड केली तरी देऊ नका. स्ट्राइड 24 इंचांच्या पट्ट्याबाहेर जाणे, पिच सुरू होण्याआधीच प्लेटचा संपर्क सुटणे, मागे पाऊल घेणे यांचेही नियम आहेत. सुरुवातीला दोन्ही पाय प्लेटवर हवेत की एक मागे चालेल, यावर पुस्तके वेगवेगळी आहेत. म्हणून स्पर्धेला लागू असलेल्या नियमपुस्तकाची चालू आवृत्ती कोणती, हे दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांना नाणेफेकीआधी सांगावे.

आणि सामन्यात इल्लीगल दिलेच गेले तर प्रशिक्षकाने टाइम घ्यावा आणि अंपायरला एकच प्रश्न शांतपणे विचारावा, नेमके काय दिसले? लीप, पुन्हा रोवलेला पाय, की प्लेट आधी सुटली? उत्तरानुसार उपाय बदलतो. पाय रोवला जात असेल तर मुलीला त्या घटकेला तंत्राचे धडे देऊ नयेत. स्ट्राइड एक पाऊलभर आखूड कर आणि हात लवकर फिरव, एवढेच सांगावे. प्लेटसमोरचा खड्डा तिला बुटाने भरून घेऊ द्यावा. पुढच्या दोन-तीन फलंदाजांना चेंज-अप, म्हणजे मुद्दाम संथ टाकलेले चेंडू, आणि जागेवरचे चेंडू मागावेत, म्हणजे वेगाची ओढ कमी होते आणि पाय आपोआप जमिनीला धरून राहतात. त्यानेही भागले नाही तर दुसरी पिचर आणावी. बदललेल्या मुलीला शेजारी बसवून कॅमेऱ्यातले चित्रण त्याच दिवशी दाखवू नये, दोन दिवसांनी सरावाला माती सारखी करून तिथून सुरुवात करावी.